पेगीज कोव्हची २१ मिनिटं

नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, टोरोंटोच्या आत्याकडे पोहे खाऊन झाले. आता बघायचं काय? कॅनडात ऑनसाइट गेलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याच लाँग वीकएण्डला हा प्रश्न पडतो. त्याचं एक झकास उत्तर आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाचं तिकीट काढा. राजधानी हॅलिफॅक्स. तिथून भाड्याची गाडी घ्या आणि हायवे ३३३ पकडा. शहर मागे पडतं, झाडं खुजी होत जातात, मग झाडं संपतातच. उरतो तो नुसता दगड. साधारण ४५ किलोमीटरनंतर दगडही संपतो आणि अटलांटिक सुरू होतो. आलं पेगीज कोव्ह!

गाव म्हणावं तर मूठभर घरं. लाकडी धक्के, लॉबस्टर पकडायचे पिंजरे, रंगीत होड्या. आपल्याला कातळ नवा नाही, कोकणात जन्म गेलेल्यांना तर नाहीच. पण हा कातळ वेगळा. करडा, गोलसर, सुमारे ३८ कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट. हिमयुगातल्या बर्फाने तो घासून गुळगुळीत केला आणि जाताना घराएवढे धोंडे इकडेतिकडे टाकून दिले. या दगडांच्या टोकाला उभं आहे पांढरं, लाल टोपीचं अष्टकोनी दीपगृह. १९१५ साली बांधलेलं. कॅनडाच्या कॅलेंडरांवर, मगांवर, फ्रिज मॅग्नेटवर दिसतं ना, तेच हे.

मूळचे फिनलंडचे चित्रकार विल्यम डीगार्थ इथेच राहिले. घरामागच्या ग्रॅनाइटच्या भिंतीत त्यांनी कोळी, त्यांच्या बायका आणि मुलं कोरायला घेतली. सुमारे ३० मीटर लांबीचं काम. १९८३ मध्ये ते गेले तेव्हा काही आकृत्या पूर्ण व्हायच्या होत्या. त्या तशाच आहेत. फोटो काढा, गरमागरम चाउडर प्या, जिंजरब्रेड खा. टुरिस्ट बसेस तासाभरात हे सगळं उरकतात आणि निघून जातात.

पण तुम्ही गाडीने आला आहात ना? मग घाई कशाला? गावापासून जेमतेम एक किलोमीटरवर ‘व्हेल्सबॅक’ नावाची जागा आहे. पार्किंगपासून एक छोटी पायवाट समुद्राकडे जाते. शेवटी दोन मोठे ग्रॅनाइटचे दगड. एकाच्या माथ्यावर तीन खाचा आहेत. १, १, १. स्विसएअर फ्लाइट १११.

शिळेसमोरचा समुद्र

२ सप्टेंबर १९९८. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं एमडी-११ विमान. २१५ प्रवासी, १४ कर्मचारी. न्यूयॉर्क सोडून जेमतेम तास होत आला होता, विमान ३३ हजार फुटांवर होतं. नोव्हा स्कोशियाच्या घड्याळात रात्रीचे १० वाजून १० मिनिटं झाली असताना कॉकपिटमध्ये कसलासा वास आला. मग थोडा धूर दिसला, मग दिसेनासा झाला. कॅप्टन उर्स झिमरमन आणि सहवैमानिक स्टेफन लोव यांना वाटलं, एअर कण्डिशनिंगमधून येत असावा. आगीचा संशय यावा असं तेव्हा काही दिसत नव्हतं.

१० वाजून १४ मिनिटांनी त्यांनी ‘पॅन पॅन पॅन’ म्हटलं. वैमानिकांच्या भाषेत याचा अर्थ, अडचण आहे, पण अजून ‘मेडे’ नाही. आधी त्यांनी बोस्टनचं नाव घेतलं. कण्ट्रोलरने सांगितलं, हॅलिफॅक्स जवळ आहे. ते खरंच जवळ होतं. साठेक नॉटिकल मैल. दोघांनी ऑक्सिजन मास्क चढवले आणि विमान खाली घ्यायला सुरुवात केली.

इथे थोडं गणित. मोठं प्रवासी विमान म्हणजे लिफ्ट नव्हे. हजार फूट उतरायला ते साधारण तीन नॉटिकल मैल पुढे जातं. धावपट्टी ३० मैलांवर आली तेव्हा विमान २१ हजार फुटांच्या आसपास होतं. म्हणजे हिशोबाने साठहून जास्त मैल हवे होते. शिवाय जिनिव्हापर्यंतचं इंधन पोटात, विमान जड. हॅलिफॅक्सचा विमानतळ वैमानिकांच्या ओळखीचा नव्हता आणि तिथले नकाशे हाताशी नव्हते. त्यांनी जास्त अंतर मागितलं. इंधन सोडण्यासाठी विमान समुद्राकडे, सेंट मार्गारेट्स बे या उपसागरावर वळलं. दरम्यान चेकलिस्ट सुरू होती. धूर कुठून येतोय ते शोधण्यासाठी एकेक वीजपुरवठा बंद करत जायचं, अशी ती यादी. शेवटपर्यंत जायचं तर वीस-तीस मिनिटं खाणारी.

१० वाजून २४ मिनिटांनी सगळं एकदम कोसळायला लागलं. ऑटोपायलट गेला. वैमानिकांनी इमर्जन्सी जाहीर केली, ताबडतोब उतरायला हवं असं कळवलं. मिनिटभरात दोन्ही ब्लॅक बॉक्स बंद पडले. १० वाजून ३१ मिनिटांनी विमान समुद्रात कोसळलं. व्हेल्सबॅकवर उभं राहिलं की समोर जे पाणी दिसतं, त्याच दिशेला, आठ-नऊ किलोमीटरवर. पहिल्या वासापासून शेवटपर्यंत जेमतेम २१ मिनिटं. २२९ जणांपैकी कोणी वाचलं नाही.

त्या रात्री या गावांतल्या कोळ्यांनी होड्या बाहेर काढल्या. कोणीतरी जिवंत सापडेल या आशेने. मग आलं तटरक्षक दल, नौदल, आणि पुढचे कितीतरी महिने चाललेलं ते नको असलेलं काम. व्हेल्सबॅकच्या दुसऱ्या दगडावर याच लोकांचे आभार मानले आहेत. गावातल्या जुन्या माणसांना आपण होऊन त्या रात्रीबद्दल विचारू नका. ते दीपगृहाबद्दल भरभरून बोलतात, तेवढं पुरे.

२० लाख तुकडे

कॅनडाच्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने पुढे जे केलं, ते वाचताना थक्क व्हायला होतं. पाणी तिथे सुमारे ५५ मीटर खोल. विमानाचे जवळपास २० लाख तुकडे झालेले. वजनाच्या हिशोबाने ९८ टक्के विमान त्यांनी वर काढलं. हॅलिफॅक्सजवळच्या शिअरवॉटर इथल्या हॅंगरमध्ये पुढचा दहाएक मीटरचा भाग जिगसॉ पझलसारखा पुन्हा उभा केला. वायरचे तुकडे हाताने तपासले. चार वर्षांहून जास्त काळ, सुमारे ५ कोटी ७० लाख कॅनेडियन डॉलर. अहवाल आला मार्च २००३ मध्ये.

निष्कर्ष काय? आग लागली कॉकपिटच्या छताच्या वर, मागच्या उजव्या बाजूला. वायरमध्ये ठिणगी उडाली आणि शेजारच्या इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला. मेटलाइज्ड मायलर नावाचं हे चकचकीत, पातळ प्लास्टिक त्या काळच्या सरकारी ज्वलन चाचणीत पास झालेलं होतं! त्या पोकळीत ना स्मोक डिटेक्टर होता, ना आग विझवायची सोय. म्हणजे आगीची खबर देणारं यंत्र एकच. माणसाचं नाक.

आणि ती वायर? ठिणगीच्या खुणा सापडल्या त्यात एक केबल होती विमानातल्या एण्टरटेन्मेण्ट सिस्टिमची. टचस्क्रीन, सिनेमे, शॉपिंग, चक्क जुगारसुद्धा. १९९८ मध्ये ही एकदम हॉट गोष्ट होती. पहिली ठिणगी त्याच केबलमध्ये उडाली असं बोर्डाने छातीठोकपणे म्हटलेलं नाही, कारण तसा पुरावा उरला नव्हता. पण ही सिस्टिम विमानाला ज्या पद्धतीने जोडली होती, त्यावर अहवालात कडक ताशेरे आहेत. स्विसएअरने ती दोन महिन्यांच्या आत सगळ्या विमानांत बंद करून टाकली. पुढे स्विसएअरही राहिली नाही. २००२ मध्ये ती कंपनीच मिटली.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. इंधन सोडायला न वळता वैमानिक सरळ हॅलिफॅक्सला उतरले असते तर? हा प्रश्न व्हेल्सबॅकवर उभं राहिलं की पडतोच. बोर्डाने याचाही हिशोब मांडला. पहिला धूर दिसल्याबरोबर त्यांनी खाली झेप घेतली असती, तरी आगीचा वेग बघता विमान सुखरूप उतरलं नसतं, असं उत्तर आलं. दोन अनुभवी माणसं नियमाप्रमाणे वागत होती, आणि घड्याळ नियमापेक्षा वेगाने पळत होतं.

पण नियम बदलायला हवा हे उत्तरातच होतं. विमानातल्या जुन्या आगी तपासल्यावर दिसलं की पहिल्या खुणेपासून आग हाताबाहेर जायला ५ ते ३५ मिनिटं लागतात. मग वीस-तीस मिनिटांच्या चेकलिस्टचा काय उपयोग? २००५ मध्ये विमान उद्योगाने धूर, आग आणि वाफांसाठी नव्या चेकलिस्टचा साचा ठरवला. त्यातला मुद्दा सोपा आहे. मास्क घाला, जवळच्या विमानतळाकडे वळा, मग काय शोधायचं ते शोधा. धुराचा उगम लगेच कळला आणि तो विझला याची खात्री पटली, तरच पुढे जायचा विचार. ते चकचकीत आवरणही अमेरिकी सरकारच्या आदेशाने शेकडो विमानांतून काढावं लागलं.

तर पुढच्या वेळी दिल्लीला निघालेलं तुमचं विमान ‘किरकोळ वास आला’ म्हणून अहमदाबादला उतरलं, मीटिंग बुडाली आणि शेजारचा प्रवासी कंपनीच्या नावाने बोटं मोडायला लागला, तर त्याला पेगीज कोव्हची गोष्ट सांगा.

गाणाऱ्या माणसाची आग

धुराचं आणि या किनाऱ्याचं आणखी एक नातं आहे. हॅलिफॅक्सच्या पबमध्ये बसलात तर स्टॅन रॉजर्सचं गाणं कानावर येणारच. धिप्पाड, दाढीवाला, खर्जातल्या आवाजाचा हा लोकगायक. वाढला ओण्टारिओत, पण आईकडची मुळं नोव्हा स्कोशियात. इथल्या कोळ्यांची, खलाशांची गाणी त्याने घराघरांत नेली.

२ जून १९८३. टेक्ससमधला एक फोक फेस्टिव्हल आटोपून तो एअर कॅनडाच्या फ्लाइट ७९७ ने घरी निघाला होता. मागच्या टॉयलेटमधून धूर यायला लागला. आग भिंतीआड होती, त्यामुळे ती केवढी आहे हे कोणालाच कळेना. वैमानिकांनी कमालीच्या कौशल्याने विमान सिनसिनाटीला उतरवलं. केबिनमध्ये धूर इतका की समोरचं दिसेना. दारं उघडली, काही लोक बाहेर पडले, आणि मिनिट-दीड मिनिटात बाहेरची ताजी हवा मिळून आतला सगळा भाग एकदम भडकला. ४६ जणांपैकी २३ गेले. त्यात ३३ वर्षांचा स्टॅन होता. त्याच्या अस्थी याच नोव्हा स्कोशियाच्या समुद्रात सोडल्या.

या २३ जणांमुळे आज तुम्ही विमानात बसता तेव्हा पायाशी बाहेरच्या दाराकडे नेणारे दिवे असतात. टॉयलेटमध्ये स्मोक डिटेक्टर असतो. सीटच्या कापडाखाली आग अडवणारा थर असतो. आणि सिगारेटबंदी असूनही टॉयलेटच्या दारात अॅशट्रे का असतो, ठाऊक आहे? नियम मोडून कोणी ओढलीच, तर त्याने ते थोटूक कचऱ्याच्या डब्यात टाकू नये म्हणून. १९७३ मध्ये पॅरिसजवळ व्हॅरिग एअरलाइन्सच्या विमानात टॉयलेटच्या कचऱ्याच्या डब्यात लागलेल्या आगीने १२३ जणांचा बळी घेतला होता. बहुतेक जण धुराने गेले.

आता आग आपल्याच बॅगेत

वायर आणि सिगारेट मागे पडल्या, असं म्हणेपर्यंत नवा पाहुणा आला. आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत तो आहे. लिथियम बॅटरी. फोन, लॅपटॉप, इअरबड्स, आणि सगळ्यात बेभरवशाची ती पॉवर बँक. आत शॉर्ट सर्किट झालं की एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि एकदा ही साखळी सुरू झाली की ज्वाळा विझवल्या तरी पुन्हा पेट घेते.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला सामानाच्या कप्प्यातून आग लागली. नशीब, विमान अजून जमिनीवर होतं. सगळे १७६ जण उतरले, विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर बऱ्याच एअरलाइन्सनी नियम आवळले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली. सोबत एक बाळगा, पण वापरायची नाही आणि डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही. कारण उघड आहे. मांडीजवळ तापलेली बॅटरी लगेच कळते. बंद कप्प्यात, चार बॅगांच्या खाली धुमसणारी बॅटरी म्हणजे पुन्हा तीच छताआडची आग.

आणि हो, आपल्या मुंबईकरांसाठी एक खास सूचना. जुलैच्या दमट दुपारी विमानात बसलं की वरच्या फटींतून पांढरे लोट येतात आणि पहिल्यांदा प्रवास करणारे आजोबा घाबरून उभे राहतात. तो धूर नाही. दमट हवेला थंडगार एसीचा झोत लागला की तयार होणारं ते धुकं. त्याला वास नसतो आणि ते लगेच विरतं. वास आला, डोळे चुरचुरले, तर मात्र गोष्ट वेगळी.

धूर दिसला तर?

बेल दाबा, लगेच. जळका, प्लास्टिकचा, वायरसारखा, कसलाही विचित्र वास आला तर ‘उगाच कशाला’ म्हणून गप्प बसू नका. क्रूला सांगितलं म्हणून कोणी हसत नाही.

वरून पडणाऱ्या पिवळ्या मास्कवर विसंबू नका. तो हवेचा दाब कमी झाल्यावर वापरायचा. त्यात केबिनमधलीच हवा मिसळते, म्हणजे धूरही. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क वैमानिकांकडे असतात, धुरापासून वाचवणारे हूड क्रूकडे. तुमच्याकडे रुमाल आहे. तो ओला करा, नाकातोंडावर धरा, डोकं खाली ठेवा. धूर वर जमतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली असते.

बसल्याबरोबर जवळच्या दारापर्यंतच्या सीटच्या रांगा मोजा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही. अंधारात आणि धुरात हात लावून मोजता येतात. पंधरा सेकंदांचं काम आहे, तेवढ्यात फोन एअरप्लेन मोडवर जातो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नको. १०० वॉट-अवरपर्यंतची केबिन बॅगेत चालते. हिशोब सोपा आहे. एमएएचला ३.७ ने गुणा, हजाराने भागा. २० हजारांची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. फुगलेली, पडलेली, फुटपाथवर दोनशे रुपयांत घेतलेली असेल तर घरीच ठेवा.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. यंत्रणेत चिरडलेला फोन पेट घेतो. क्रूला बोलवा.

आणि उतरायची वेळ आली, तर बॅग सोडा. लॅपटॉप, पासपोर्ट, ड्युटी फ्रीची बाटली, सगळं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळून पेटलं. छोट्या विमानातले पाच जण गेले. पण धुराने भरलेल्या मोठ्या विमानातून ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर पडली. शिस्तीत, हात मोकळे ठेवून.

जायचं असेल तर

कधी : जून ते ऑक्टोबर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला धुकं दाट असतं, सप्टेंबरमध्ये आकाश मोकळं आणि गर्दी कमी.

कसं : हॅलिफॅक्स विमानतळावरून गाडीने तासाभराच्या आसपास. शहरातून टूर बसेसही आहेत, पण त्या सगळ्याच व्हेल्सबॅकला थांबत नाहीत. आधी विचारून घ्या.

आणखी : उपसागराच्या पलीकडे बेजवॉटरला दुसरं स्मारक आहे. तिथे भिंतीवर २२९ नावं कोरली आहेत आणि ज्यांची ओळख पटवता आली नाही ते अवशेष तिथेच विसावले आहेत. दोन स्मारकं आणि अपघाताची जागा मिळून समुद्रावर एक त्रिकोण होतो. किनाऱ्याने वळसा घालत जावं लागतं, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवा. पिकनिकचे डबे गाडीत राहू द्या, इथे नातेवाईक येतात.

सांभाळून : दीपगृहाजवळ पाट्या आहेत, काळ्या खडकांवर जाऊ नका. करडे खडक कोरडे असतात. काळे म्हणजे तिथपर्यंत लाट येते. सेल्फीसाठी तिथे गेलेल्यांना समुद्राने ओढून नेलं आहे. फोटो करड्यावरूनही छान येतो.